जाळीलगतची जागा

तिकिटांच्या रांगेत माझ्या पुढे निळा मफलर गुंडाळलेले एक आजोबा उभे होते. त्यांच्या पुढची लाल जर्सीवाली मुलगी वळली.

“आजोबा, ही लाल संघाची खिडकी. तुम्हा निळ्यांची पलीकडे.”

“माझं तिकीट काढून झालंय. तुमच्याकडचंही एक हवंय, दोन्ही बाजूंच्या मधल्या जाळीला लागून.”

“आमच्यात बसणार?”

“छे! जागा नुसती रिकामी ठेवायचीय. तिथं तुमचा एकजण बसायचा, जाळीच्या अलीकडे मी. जन्मभर शिव्या घातल्या मेल्यानं मला.”

“मग आता?”

“गेल्या महिन्यात गेला.”

“अरेरे... रिकामी कशाला ठेवता? मी बसते तिथं.”

“शिव्या येतात का?”

“तुमच्या गोलकीपरपासून सुरुवात करू?”

“इथं नको, सामन्यात दे. आणि शेवटची शिट्टी झाली की हात मिळवायला जाळीतून दोन बोटं पुढे करायची. अख्खा हात जात नाही.”

“आम्ही हरलो तरी?”

“हरलात तर आधी मी करीन. जिंकलात तर आधी तू.”

“चालेल.”

“आणि पोरी, लगेच उठून जाऊ नकोस हं. तो गर्दी सरेपर्यंत बसून राहायचा. त्याच्याही घरी कुणी नव्हतं.”