विहिरीवरचा बोलका डबा

ऐका गं बायांनो. हात शेंगा फोडू देत, कान इकडं द्या. आणि मागं वळून बघू नका.

आमची विहीर ओढ्यापलीकडं. पूर्वी रात्रीची लाईट आली की गडी बॅटऱ्या घेऊन रानात जायचे. एकानं हाक मारली की बांधाबांधावरनं ओ यायची. तीनदा! दोनदाच आली तर ते माणूस नव्हे, असं सासूबाई सांगायच्या. आता मोटरीला मोबाईलचा डबा. अंथरुणातनं फोन लावायचा, डब्यातली बाई बोलते, "मोटर चालू झाली." रानात जातंय कोण?

त्या रात्री आमचे हे नणंदेकडं गेलेले. घरात मी आणि सहा महिन्यांची स्वरा. फोन लावला. "मोटर चालू झाली." जरा पडले, तोच फोन वाजला. "मोटर बंद झाली." परत लावला. परत बंद! चार वेळा! कांदा कालच लावलेला, पाण्यावाचून जळून जाईल. पोरीला पोटाशी बांधलं नि निघाले. चुकलंच माझं.

वाटेवर कमरेएवढं गवत. कुणी चालतंच नाही ना! फोन वाजला. "मोटर बंद झाली. इकडं ये."

अगं, डब्याला "ये" कुठं म्हणता येतं? स्वरा रडायला लागली. परत फोन. "लेकरू रडतंय. माझ्याकडं दे."

मागं पळाले. पळाले, पळाले, तर पुढ्यात विहीरच! दुसरीकडं वळले, तरी विहीरच! तेवढ्यात गावातले दिवे फटकन विझले. लाईट गेली. म्हटलं, सुटले. लाईटीशिवाय डबा मुका.

फोन वाजला.

"मोटर चालू झाली. वाकून बघ."

पायाखालचा दगड निसटला. तो खाली पाण्यात धप्प!

मी ओरडले, "कुणी हाय का ओ ऽऽ!" सगळे बांध गप्प. सगळे आपापल्या अंथरुणात! परत ओरडले.

"ओ ऽ!" लांबनं आली.

"ओ ऽ!" दोन झाल्या गं, दोन! पोरीला आवळून धरलं.

"ओ ऽ! कोण गं ती? हाय तिथंच थांब, हलू नगं!"

लिंबाजीआप्पा होते. गावात एकट्या त्यांच्याकडंच डबा नव्हता. गेलेली लाईट परत यायची वाट बघत बांधावर बसलेले. त्यांनी बॅटरी मारली, तर माझा एक पाय काठाबाहेर.

आप्पा म्हणाले, "माणसं रानातनं उठून गेली, पोरी. जागा काय रिकामी राहती व्हय?"

म्हणून सांगते, मोटर बंद पडू दे, कांदा जळू दे, त्या वाटेनं रात्री जाऊ नका. परवा आप्पांच्या लेकानंही डबा बसवला. आता तिथं ओ द्यायला कुणी नाही.