पाकिटाचा आटा

भिया, आमचे बाबा किती चिक्कू, ते तुम्हाला माहीतच आहे. हंगामात स्वस्त मिळतो म्हणून लोहारदा गावाहून वर्षभराचा गहू आणायचे आणि आई तो एरंडेल चोळून कोठीत भरायची. पाकिटाचा आटा दिसला की बाबा ओरडायचे, "पैसे काय झाडाला लागतात?"

आई गेल्यानंतर एकदा मी धारहून देवासला माहेरी गेले, तर ओट्यावर पाकिटाचाच आटा!

"बाबा, कोठीत एवढा गहू पडलाय आणि हे काय?"

"राहू दे."

"अहो, कीड लागेल त्याला."

"नाही लागणार. तुझ्या आईनं एरंडेल चोळलंय."

"मग द्या, मी दळून आणते."

बाबांनी कोठीच्या झाकणावर हात ठेवला.

"खाल्ला तर संपेल ना गं, बेटा."