लिंबं आत, मी बाहेर

आणि वर मलाच विचारतात! मला! परवा सलूनमध्ये मानेला वस्तरा लावलेला, हलायची सोय नाही, आणि तो सीताराम न्हावी आरशातनं मला विचारतो, "काय कमलाकांतराव, रघुवीरनं तो गोल मारला तेव्हा तुम्ही कुठं होता हो? दिसला नाहीत!" आता ह्याला काय सांगू? मी दिसलो नाही! अरे, अकरा वर्षं... तुम्हाला सांगतो, त्या गोलाच्या आधीची अकरा वर्षं मी 'उदय स्पोर्ट्स, प्रभादेवी' ह्या टीमची एकूण एक मॅच बघितली होती. तुम्हाला ठाऊक नसेल ही टीम. नसणारच! कुणालाच नव्हती. तिसऱ्या डिव्हिजनमध्ये शेवटचा नंबर, आणि तोसुद्धा चौथी डिव्हिजन काढली नव्हती म्हणून.

अहो, ह्या मुंबईत फुटबॉलला कुत्रं विचारत नाही. क्रिकेट असलं की बघा, मैदानाच्या कडेला माणूस, कुंपणावर माणूस, झाडावर माणूस, ऑफिसात साहेब विचारणार, "स्कोअर काय झाला?" आणि आमची मॅच म्हणजे? गोलाच्या दांडीवर कुणीतरी धोतर वाळत घातलेलं, ते काढायला सांगा, तर तो म्हणणार, "सुकू द्या की जरा, तुमचा चेंडू कुठं तिकडं जाणाराय?" बूट सक्तीचे झाले तेव्हा आमच्याकडे जोड नऊ. मग चौघांना दोघांत एक जोड, डावखुऱ्याला डावा, उजव्याला उजवा, दुसऱ्या पायात कॅनव्हास! आणि हे सगळं बघायला कोण? तर मी! एक चणेवाला यायचा पूर्वी. तोही एकदा हाफटायमाला टोपली उचलून निघाला. म्हणाला, "साब, आप अकेले कितना खायेगा?" खरंच होतं त्याचं.

घरी तर बोलायलाच नको. वासंती, म्हणजे आमची ही, म्हणते, "अहो, त्या टीमला तुम्ही ठाऊक तरी आहात का?" आहे म्हटलं! हाफटायमाला लिंबं कोण देतो? मीठ लावून, चिरून, ओल्या फडक्यात गुंडाळून? आणि हिचा भाऊ अच्युत, तो दर रविवारी जेवायला येतो आणि आमटी भुरकता भुरकता विचारतो, "काय भावोजी, काल बावीस रेडे पुन्हा एका चेंडूमागं धावले का? आणि तुम्ही उभे? उन्हात?" हसायचं सगळ्यांनी. मी हसत नसे. कारण मला ठाऊक होतं, एक दिवस ही पोरं जिंकतील, आणि त्या दिवशी बघायला कोण असेल? तर मी!

तर ते वर्ष. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचं. रोज मोर्चा, रोज सत्याग्रह, आज बंद, उद्या हरताळ. वाईट दिवसही फार पाहिले त्यात, लालबाग-परळची माणसं घराबाहेर पडली आणि परत आली नाहीत. चेष्टा करत नाही मी त्याची. पण आमचं दुखणं वेगळंच. त्या साली सीझनची शेवटची मॅच उरली होती, आणि लीगनं गेल्या सीझनपासून नवाच नियम काढलेला, की लागोपाठ दोन सीझन एकही मॅच जिंकली नाही तर क्लबचं नाव खोडायचं. गेल्या सीझनला आमच्या खात्यात एकही विजय नव्हता. ह्या सीझनला शेवटच्या मॅचपर्यंत तेच. म्हणजे जिंका, नाहीतर संपलं! आणि मॅच कुणाशी? डिलाईल रोडच्या नवप्रकाश संघाशी, म्हणजे आमच्या बरोबर एक नंबर वर असलेल्यांशी! जिंकण्यासारखी मॅच होती हो! अकरा वर्षांत पहिली!

आणि नेमका त्या दिवशी बंद. ट्राम नाही, बस नाही, आणि वर जमावबंदी. पाच माणसं एकत्र दिसली की उचलायची! मी लीगच्या सेक्रेटरीकडे गेलो, म्हटलं, तारीख पुढं ढकला. तो कागदावरनं मान वर न करता म्हणतो, "मॅच लागली म्हणजे लागली." अहो, पण फुटबॉलची टीम अकरांची! कायद्यात बसायचं तर चौघांनी खेळायचं काय?

पण मीही काही कमी नाही. मी डोकं लढवलं. म्हटलं, प्रभादेवीहून भायखळ्याच्या मैदानापर्यंत चालत जायचं. अकरा ते आणि बारावा मी. तीन घोळके करायचे, चार-चार-चार, मध्ये पन्नास पावलं अंतर. चार म्हणजे जमाव नाही! कसं? फक्त एक घोटाळा झाला. मैदानाच्या चार कोपऱ्यांना लावायची निशाणं आणायची पाळी आमची होती. निशाणं कशाची केलेली? तर मंडळाच्या गणपतीच्या मखराचं उरलेलं कापड. भगवं! झगझगीत! आणि पहिल्या घोळक्यात रघुवीर, आमचा कॅप्टन, ती चारही निशाणं खांद्यावर टाकून छाती काढून चाललेला. मी सगळ्यात मागं, लिंबांची पिशवी घेऊन.

आता तुम्हीच सांगा, बंदच्या दिवशी चार तरणेबांड गडी, एकासारखे एक शर्ट, खांद्यावर भगवी निशाणं, असे लालबागच्या रस्त्यानं चालले तर लोकांना काय वाटेल? तिथं आनंदीबाई म्हणून एक म्हातारी, मालवणकडची, चाळीतल्या बायका गोळा करून दारात तबक घेऊन उभी. सत्याग्रहाची तुकडी त्या रस्त्यानं जायची होती ना, तिला ओवाळायला! रघुवीर दिसल्याबरोबर बाई ओरडली, "आली गो, तुकडी आली! अरे थांबा रे झिलांनो, कुंकू लावल्याबिगर जावचा नाय!" झालं! पहिले चार थांबले. काय झालं म्हणून मागचे चार आले. त्यांच्या मागनं आम्ही. माझी चार-चार-चार जागच्या जागी बारा झाली!

रघुवीरनं सांगायचं होतं ना, "आजी, आम्ही मॅचला चाललोय"? तो सांगणारच होता हो, त्यानं तोंड उघडलं, आणि बाईनं तोंडात साखर घातली! मग गळ्यात हार. मग कपाळावर कुंकू. मग आरती. आणि आमचा गोलकीपर गंगाधर, एका मॅचमध्ये चौदा गोल खाल्लेला माणूस, ज्याला जन्मात कुणी हार सोडा, शाबास म्हटलं नाही, त्याच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी! तो कसला खरं सांगतोय? तो हात वर करून ओरडला, "संयुक्त महाराष्ट्र..." आणि अख्खा रस्ता, गॅलरीतल्या बायकांसकट, "झालाच पाहिजे!" अकराच्या अकरा जणांनी गपचूप कुंकू लावून घेतलं. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगू? मलाही भरून आलं. आमच्या टीमसाठी एवढी माणसं मी पहिल्यांदाच बघत होतो.

शेवटी बाई माझ्यापाशी आली. पिशवीकडं बघितलं. "तुम्ही ओ? ह्यात काय?" मी म्हटलं, "लिंबं." "बाजाराक चललात? मगे बाजूक व्हा बघू, गर्दी नको." अहो बाई, मी ह्यांच्यातलाच, बारावा! पण तबकातलं कुंकू संपलं होतं.

तेवढ्यात पोलिसांची लॉरी आली. फौजदार उतरला आणि सरळ हुकूम, "कपाळाला कुंकू असेल तो आत!" एकेक करून आमची अकराच्या अकरा पोरं वर चढली. मी पिशवी सावरत मागं धावलो, म्हटलं, "मलापण घ्या!" फौजदारानं माझं कोरडं कपाळ बघितलं. "घरी जा काका. बायको वाट बघत असेल." मी घोषणा दिली! एकट्यानं! रस्त्याच्या मधोमध! तर बुधाजी नावाचा एक हवालदार, बिचारा आपलाच माणूस, कानाशी येऊन म्हणतो, "काका, तुमचं खरं आहे, पण लॉरी भरली." आणि लॉरीत डोकावून बघतो तर काय? अकरा जण आमचे, आणि समोरच्या बाकावर अकरा जण नवप्रकाशचे! तेही चिंचपोकळीला रांगेनं चालताना सापडलेले, कुणीतरी असेच ओवाळून हार घातलेले! आणि कोपऱ्यात काळा शर्ट, काळी चड्डी घातलेला फर्नांडिस रेफरी! "आय ॲम द रेफरी, मॅन!" तो बोंबलतोय, आणि पोलीस म्हणतोय, "काळे कपडे घालून निषेध करतोस काय? बस खाली!"

गेली लॉरी. मी रस्त्यात. हातात लिंबं.

चालत गेलो हो वरळीपर्यंत! तिकडं एका मोठ्या आवाराला पत्रे ठोकून तात्पुरता तुरुंग केला होता, आत सत्याग्रही चारशे तरी असतील. फाटकावर बुधाजी. मी म्हटलं, मला आत सोड. तो म्हणतो, "काका, लोक बाहेर सोडा म्हणून सांगतात, तुम्ही उलटंच काय?" आणि तेवढ्यात आतनं शिट्टी वाजली. शिट्टी! ती शिट्टी मी झोपेतही ओळखीन, फर्नांडिसची! चेंडू बरोबर होता, दोन्ही टीमा होत्या, रेफरी होता, थाळ्या रचून गोल केले, आणि चारच्या ठोक्याला मॅच सुरू! जेलरनं परवानगी दिली, म्हणे निदान घोषणा तरी थांबतील. चारशे माणसं बघायला! आणि मी पत्र्याच्या बाहेर!

"बुधाजी, काय चाललंय रे?" फटीशी जायला मला मनाई, तोच बघून सांगणार. त्या गृहस्थाला ठाऊक हुतुतू! "काका, तुमच्या माणसानं त्यांच्या माणसाला पाडलं. तो बाद झाला काय?" अरे, बाद नाही होत! चेंडू कुठंय? "चेंडू दिसत नाही, माणसंच दिसतात." हाफटायमाला त्याला म्हटलं, निदान ही लिंबं तरी आत दे. तर ती त्यानं तपासून, वास घेऊन, आत नेली. माझी लिंबं आत गेली! लिंबांनी मॅच बघितली, मी नाही!

आणि मग शेवटी शेवटी असा आवाज उठला... तुम्हाला सांगतो, पत्रे थरथरले. "गोऽऽल!" मी फाटक धरून ओरडतोय, "कुणी मारला? बुधाजी, कुणी?" तो म्हणतो, "हार घातलेल्यानं!" अरे, हार सगळ्यांच्याच गळ्यात! पाच मिनिटं, पाच मिनिटं मला कळलं नाही मी हसायचं का रडायचं. मग कळलं. रघुवीरनं, डोक्यानं, गळ्यात हार असताना. एक शून्य. आमची टीम जिंकली, आणि मी फाटकाशी डोकं टेकून रडलो, खोटं कशाला सांगू?

लीगवाल्यांनी खुसपटं काढली, मैदान मान्यताप्राप्त नव्हतं, खांब नव्हते. पण फर्नांडिसनं सही केलेला कागद टेबलावर आपटला, म्हणाला, "गोल वॉज गोल." क्लब वाचला! वाचला हो! पण तेव्हापासून प्रभादेवीपासून लालबागपर्यंत जो भेटेल तो मला तो गोल सांगतो. सीताराम आत होता. ऑफिसातले दोघं आत होते. आणि अच्युत! आमचा मेहुणा! तो त्या दिवशी खऱ्या तुकडीत पकडला गेलेला! आता दर रविवारी आमटी भुरकता भुरकता मला, मला समजावतो, "भावोजी, तुम्ही बघायला हवा होता. चेंडू असा आला, रघुवीर असा उडाला..." आणि भाताच्या मुदीनं दाखवतो!

म्हणून आता निशाणं मी घेतो. लिंबं दुसऱ्याला दिलीत. घरनं निघताना वासंतीकडनं कपाळाला ठळक कुंकू लावून घेतो, भगवी निशाणं खांद्यावर टाकतो, आणि चौकीसमोरनं मुद्दाम हळूहळू जातो. परवा बुधाजी दारातच उभा होता, सलाम ठोकून हसला. "काका, आता महाराष्ट्र झाला! राज्य आपलं! आता तुम्हाला कोण पकडतोय?"

तेही खरंच. गेलो मग मैदानावर. सहा शून्यनं हरलो. आणि बघायला कोण? तर मी!