अप्पांच्या मोटारीचा फ्लोट

अफजलपूरहून गुलबर्ग्याला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या मागे बहीण-भाऊ बोलत होते.

"शैला अक्का, अप्पांची जुनी मोटार तू चालू केलीस म्हणं?"

"व्हय. कार्बोरेटरमधून पेट्रोल सांडायलं होतं. आतला तरंगता फ्लोट वर आला तरी पेट्रोल अडवणारी सुई बंदच होईना. फ्लोटची पत्ती जराशी वाकवली, मग थांबलं."

"अप्पांनी हात लावू दिला?"

"न्हाई. ते दवाखान्यात होते तवा केलं."

"घरी आल्यावर चिडले असतील."

"लई चिडले. मग इंजिनचा आवाज ऐकत उभारले."

"काय म्हणले?"

"मागचं दार उघडून बसले अन् म्हणले, चल, भीमा नदी बघून येऊ."

"अप्पा मागं बसले? त्यांनी स्टेअरिंग कधी कुणाला दिलं न्हाई."

"मलाबी आधी वाटलं, चुकून बसले."