फोटोचा कोपरा

नेटवर जे दिसते ते सगळं आपलंच असते, असं आमच्या हेडसरांचं ठाम मत होतं. ‘होतं’ काहून म्हणते, ते ऐका.

सहावीच्या पोरांसाठी मी ‘पिकांचे शत्रू’ नावाचा डिजिटल धडा तयार करून राहिली होती. नेटवर एका काळ्या, काटेरी अळीचा झकास फोटो भेटला. खाली लिहिलं होतं, ‘घातक कीड, दिसताच चिरडा.’ फोटोच्या कोपऱ्यात तो काढणाऱ्याचं नाव अन् नंबर. पारशिवनीकडचा शेतकरी.

सर म्हणाले, "मॅडम, कोपरा कापा अन् टाका. कोण पाहून राहिलं?"

म्हटलं, "सर, धड्यावर नाव माझं येईल. दुसऱ्याचा फोटो मी विचारल्याशिवाय लावत नाही." अन् त्यांच्यासमोरच फोन लावला, स्पीकरवर.

शेतकरी खूश झाले. "वापरा जी मॅडम, माझं नाव तेवढं राहू द्या. पण खाली काय लिहून राहिले?"

मी वाचून दाखवलं.

"अरे देवा! कीड नाही जी ते. ढालकिड्याचं, त्या लाल पाठीवर काळे ठिपके असलेल्या लेडीबर्डचं पिल्लू आहे, झाडाचा रस पिणारे मावा किडे फस्त करते. मित्र आहे आपला! कोणीतरी फोटो उचलला अन् खाली हे ठोकून दिलं. तेव्हापासून सारे तेच छापून राहिले. विचारणाऱ्या तुमीच पहिल्या."

फोन ठेवला. सरांचा चेहरा उतरलेला.

"मॅडम, नेटवर हेच वाचून मी महिनाभर गुलाबावरचे हे चिरडून राहिलो. तरी म्हटलं, मावा वाढून काहून राहिला!"

मग खुर्ची माझ्याकडे ओढून हळूच म्हणाले, "तो कोपरा कापू नका. नंबर पाहिजे मले."