खड्ड्यातलं पाऊल

—शी! बघवंना की मला हे! मुबीन, हात काढ माऊसवरनं. एक दिवस मी घरी ऱ्हायले तर गेमची पार वाट लावलीस बे! बघ, यात्रेतला नंदीध्वज पेलून माणूस चाललाय, घरापेक्षा उंच काठी, खाली हा मोठा खड्डा — आणि पाऊल कुटं? हवेत! पुढं दगड आला की पाऊल दगडाच्या आत. भूत हाय का ते? का झालं असं? तर मुबीनसाहेबांनी रस्त्याच्या आत न दिसणारी सपाट फळी टाकली! वर दिसायला खड्डे, आत सगळं गुळगुळीत. म्हणं पाय उडत होते — अरे, उडणारच की! म्हणून तर सांगितलं होतं, कमरेतनं खाली रेघ सोड, जमीन कुटं लागते बघ, अन् स्प्रिंगनं पाय तेवढाच खाली ओढ. ओढ लई झाली की गुडघा गचके खातो, कमी पडली की पाऊल सुटतं. जुळवत बसायचं असतं ते. तुला कंटाळा आला! किळस येते बे मला असल्या कामाची.

काठी हलत न्हाय म्हणून खूश हायस? जरा लाज वाटू दे! डुलत न्हाय ती काठी कसली? आमच्या अप्पांनी उभा जन्म पेलली ती. गुडघा गेला तवापासनं सराव बघायलाबी जात न्हाईत, घरात भिंतीकडं तोंड करून बसतात. हातापाया पडून आज यायला कबूल केलंय त्यांना. अन् हे दाखवू? एक पाऊल बघतील अन् उठून जातील.

काय बघतोस? काठी पेलणाऱ्याचा चेहरा? — हो, बाईचाच हाय. माझा हाय. मग? लहान असताना सरावाच्या काठीला नुसता हात लावला, तर अप्पांनी चारचौघात हात झटकला. आपल्या घरात पोरींनी धरायची न्हाय म्हणाले. अजून आठवलं की तळहात झोंबतो माझा... जाऊ दे. तुला कशाला सांगतेय मी! सरक तिकडं. फळी काढते, माझं जुनं स्प्रिंगचंच चालू करते. उडू दे पाय उडला तर.

आले वाटतं. — अप्पा! या, हितं बसा. सावकाश. — व्हय, आपल्याच गल्लीतला रस्ता हाय. — व्हय... ती मीच हाय. रागावू नका, नुसता खेळ हाय हा — थांबा, खड्डा आला — डुलली, डुलली —

काय म्हणालात?

गुडघ्यात वाक... मला म्हणालात?

मुबीन, तू जा बे खाली. चहा सांग.