शेवटच्या पानावरचा मालक

माहा जलम अकोल्याच्या जुन्या शहरातला, मोर्णेच्या काठचा. नाव गोपाळ, पन मायनं गोपाय म्हनलं, बापानं गोपाय म्हनलं, शायेत मास्तरही गोपायच म्हने, कारन आमच्या वऱ्हाडात ळ चा य होते, आमी केयं खातो अन् डोये पुसतो. अन् काय सांगू तुमाले, याच य नं माही नोकरी घालवली होती, अन् यानंच मले मालक केलं.

मॅट्रिक झालो अन् वकीलसाहेबाच्या छापखान्यात लागलो. त्याइचं साप्ताहिक होतं, ‘मोर्णाकाठ’, गुरुवारी दुपारी छापून होये. मशीनवर सलीमभाई, अन् मी शिशाचे खिये जुयवाले, एकेक अक्षर उचलाचं अन् ओयीत बसवाचं. शेवटच्या पानाच्या बुडाले एक बारीक ओय असते, मालक कोन, मुद्रक कोन, प्रकाशक कोन. ते कोनी वाचत नाई. मी मात्र दर आठवड्याले जुयवो, वकीलसाहेबाचं नाव, दुसरं कोनाचं असन?

एक डाव बातमी आली, उद्या नळ येणार नाहीत. मथया होता तो, मोठ्ठा. अन् म्या बोलतो तसाच जुयवला, उद्या नय येनार नाई. अंक गावात गेला तवा समजलं. वकीलसाहेब पुन्याले शिकेल मानूस, तेच तेवढे मले गोपाळ म्हनत, तापले लय, म्हने गोपाळ, उद्यापासून येऊ नकोस. मी डबा घेऊन निघालो तं दारात आमच्या गल्लीतल्या बाया उभ्या, हासून हासून पदर तोंडाले, म्हने वकीलसाहेब, आज पेपर समजला बाप्पा, नाईतं तुमचा तो पानीपुरवठा खंडित कोनाले समजते? साहेबही हासले, म्हने ठेव तो डबा, अन् दर अंकात अशी एक चौकट जुयव. तिचं नाव पडलं, नय आला का. गावातलं सगयं आमच्या बोलीत.

वकीलसाहेब वारले, लेकीनं पेपर कापसाच्या जिनिंगवाल्या शेठजीले देला. मी बुडाची ओय बदलवली. शेठजीले पेपरात आपला फोटो पाहिजे, सत्कार घेतानाचा नाईतं सत्कार करतानाचा, पन चौकटीले हात नाई लावला, म्हने राहू दे, बायको तेवढंच वाचते. मंग शेठजी थकले, पेपर अमरावतीच्या कंपनीकडे गेला, पुन्हा ओय बदलली. तवापर्यंत कॉम्प्युटर आलते. कंपनीच्या साहेबानं पयल्या दिवशीच सांगतलं, भाषा शुद्ध करा, चौकट बंद. बंद केली. लोकाइनं पेपर घेनंच सोडलं, अन् दोन वर्षात साहेब म्हने, पेपरच बंद करून राहिलो. मले वाटलं घरातलं मानूस चाललं. जेवन जाये ना.

सलीमभाई म्हने, गोपाय, बैठ के क्या होता, चल अमरावतीले, पेपर आपनच मागून पाहू. माही बायको शांता, तिनं दर अंकाची चौकट कापून आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये चिकटवेल होती, खाली आमचे फोटो अन् वरून चौकटी. तोच अल्बम घेऊन गेलो. साहेब शुद्ध बोलनारा, म्हने ठेवा, पाहतो नंतर, पन एक पान उलटवलं, मंग दुसरं, मंग हासत सुटला अन् एकदम म्हने, अबे, हे तं माह्या आजीचे बोल हायेत. आपल्याच वऱ्हाडातला, परतवाड्याचा निघाला बुवा. त्यानं चहा पाजला, म्हने, पेपराचं नाव माह्या कपाटात मरन्यापरीस तुमीच घेऊन जा. कागद करून देला, माह्या अन् सलीमभाईच्या नावानं.

आता ‘मोर्णाकाठ’ आमचा हाय. चौकटीचं पूर्न पान झालं. कॉम्प्युटरवर सलीमभाईची पोरगी रुबीना बसते. आमच्या पयल्या अंकाले तिनं मले काही विचारलं नाई, ऐकत आली तसंच बुडाच्या ओयीत टाकलं, मालक, गोपाय अन् सलीम. छापून झाल्यावर सलीमभाईनं डोक्शाले हात लावला, म्हने अरे, कागदावर तो गोपाळ है. मी म्हनलं, पुढच्या अंकात कागदावरचं टाकू, एवढा एक राहू दे. शांतानं ते ओय जल्मात पयल्यांदा वाचली, चष्मा लावून, अन् म्हने, हे तं खरंच तुमीच हा. अन् कैची शोधाले गेली.

डोये भरून आले, खोटं कावून सांगू. तुमी एवढं आयकलं, तं माहा आशीर्वाद घ्या, घरचे तुमाले ज्या नावानं हाक मारतात ना, तेच नाव एक दिवस तुमचंही छापून येवो.